बारा पाचच्या लोकलची वही

आप्पा, आज गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून छत्तीस जणांच्या पासच्या झेरॉक्स ज्याच्या त्याच्या पाकिटात परत घालतो आहे. आईला कुकर लावायचा आहे. "तुझं रेल्वेचं कार्यालय उठलं की मला हाक मार," एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली. सतरा पाकिटं झाली, अठराव्याला हात थांबला, म्हणून वही उघडली. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितो आहे. पुढची पानं आता कुणाला नको आहेत.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथेच सुटली. आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि तळेगावला एका गोदामात दुसऱ्या पाळीला माल मोजून घेतो. खडकीहून दुपारी बारा पाचची लोकल धरली की वेळेत पोहोचतो. यंदा मार्चमध्ये रुळांचं काम निघालं आणि ती लोकल कधी असायची, कधी नसायची. नसली तर ते फलाटावर गेल्यावर कळायचं. मग निगडीपर्यंत बस, पुढे रिक्षात सहा जण कोंबून तळेगाव, आणि तरीही अर्धा दिवस कापला जायचा. पासाचे पैसे तर आधीच भरलेले. मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत होतो. मी फलाटावर किती वाजता पोहोचलो, घोषणा झाली का, गाडी आली का, बस-रिक्षाला किती गेले. पट्टीने रकाने आखले होते. कुणी सांगितलं नव्हतं. लिहिलं की छातीतली धडधड जरा बसते.

आमच्या डब्यात वेल्डर काका असतात. तुम्ही गेटवर कामगारांच्या वेळा लिहायचात, त्याच चिंचवडच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर तळेगावला लागले. त्यांनी वही पाहिली आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "टाइमकीपरचं पोरगं आहे. हे मेल्यावरसुद्धा वेळ लिहून ठेवील." मग त्यांनीच डोकं चालवलं की ग्राहक आयोगात तक्रार करू, अकरा दिवसांची भरपाई मागू, वही पुरावा म्हणून लावू. माझं शुद्धलेखन बरं म्हणून अर्ज मी लिहिला. माणशी पन्नास रुपये वर्गणी काढली. दवाखान्यात आया असलेल्या एक मावशी आहेत, त्यांच्या हिशोबाने त्यांचे एकोणीसशे होत होते. "आले की खालची कवळी करून घेते," म्हणायच्या. दर आठवड्याला विचारायच्या, कवळीवाल्याला कधीचं सांगू?

अकरापैकी दहा दिवस खरे होते. एकवीस मार्चचा शुक्रवार खरा नव्हता. आदल्या आठवड्यात माझे दोन अर्धे दिवस कापले गेले होते आणि साहेब म्हणाले होते, तिसऱ्यांदा उशीर झाला तर गेटवरूनच परत जायचं. त्या दिवशी मी डबा घेऊन तीनदा जिना उतरलो आणि तीनदा वर आलो. शेवटी ताप आहे असा फोन केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. दुपारी काकांचा फोन आला. "आजही नाही रे. मी बसने निघालो. लिहून टाक." मी लिहिलं. 'रद्द' असं लिहून पेन खाली ठेवायला हवं होतं. पण पहिला रकाना रिकामा दिसत होता आणि मला तो तसा बघवेना. त्यात मी रोजच्यासारखं ११.५० लिहिलं. नंतर त्याच वहीच्या प्रतींवर शपथपत्र झालं, तेव्हाही ते पान माझ्या हातून गेलं. मी ते तसंच पुढे सरकवलं.

मंगळवारी सुनावणी होती. आमच्याकडे वकील नव्हता, मीच उभा राहिलो. समोरचे वकील वही उलटताना म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे आपलं." मी आभार मानले. मागे कुणीतरी हसलं. मग म्हणाले, "एकवीस मार्चला आपण अकरा पन्नासला फलाटावर होतात?" मी म्हणालो, तसं लिहिलं आहे. "लिहिलंय ते मला दिसतंय. त्या दिवशी लोकल बारा तेवीसला आली आणि गेली. अठरा मिनिटं उशीर, मान्य. पण आपल्या समोरूनच गेली असणार ना?" त्यांच्याकडे स्टेशनची नोंद होती. काका सव्वाबारालाच कंटाळून बसकडे गेले होते, हे मला तेव्हा कळलं.

काका माझ्या मागे बसून खाकरत होते. म्हणजे, तुझ्या वहीवर ठाम राहा. आयोगाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "सावकाश सांगा, घाई नाही." मी म्हणालो, "मी त्या दिवशी घरी होतो. ते ऐकून लिहिलं आहे." बाईंनी वही मिटली. वही पुरावा म्हणून धरता येणार नाही, ज्यांच्याकडे स्वतःची बसची तिकिटं आणि पगाराची चिठ्ठी असेल त्यांनी वेगवेगळे अर्ज करावेत, असं ठरलं. छत्तीसपैकी सहा जणांकडे काहीतरी आहे. मावशींकडे काही नाही. तिकीट कोण जपून ठेवतं? त्यांनी माझी समजूत घातली, हे जास्त लागलं. "जाऊ दे रे, वरचे दात आहेत अजून."

बाहेर पायऱ्यांवर काका भेटले. म्हणाले, "होतो, गाडी आलीच नाही, असं म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

"एक दिवस खोटा होता, काका."

"तुझ्या बापाच्या वहीत किती होते, माहीत आहे का? लोकल उशिरा आली की तो वेगळी वही ठेवायचा. त्या वहीतल्या माणसाचा पगार कापायचा नाही, असं मॅनेजरनं मानलं होतं. का? तर टाइमकीपर कधी खोटं लिहीत नाही. मी खडकीत घोरत पडलेलो असायचो आणि माझी लोकल शिवाजीनगरला अडकलेली असायची." मग म्हणाले, "बिचाऱ्यानं एक चहासुद्धा घेतला नाही कुणाचा."

तेव्हापासून मला तुमची ती केबिन दिसते आहे. मी दहा वर्षांचा आहे, सुट्टीत तुमचा डबा घेऊन आलो आहे. तुम्ही हात धुवायला जाता, तेवढ्यात एक माणूस धावत येतो, नाव सांगतो आणि आत जातो. घड्याळ माझ्या पाठीमागे आहे. मी वळून न बघता दोन वाजून दोन मिनिटं लिहितो. तुम्ही येता, घड्याळ बघता, रजिस्टर बघता. "घड्याळ पाहिलंस? मग हा आकडा आणलास कुठून?" डबा तसाच ठेवून तुम्ही रजिस्टर काखेत मारता आणि त्या माणसाला गाठायला यंत्रांचं सबंध शॉप ओलांडून जाता. मी एकटा बसतो, भाकरीला हात लावत नाही. एवढी वर्षं मी समजत होतो की तुम्ही त्याला खरी वेळ विचारायला गेलात. आता वाटतं, तुम्ही त्याला सांगायला गेला होतात का, की कुणी विचारलं तर काय वेळ सांगायची?

मला राग आलेला नाही. थकलो आहे. आईला विचारायचं मनात आलं, पण ती आता कुकर घेऊन आत आली आहे आणि पाकिटं बाजूला सारते आहे. ही वही तुमच्या कपाटातच ठेवीन, पाठवायला दुसरा पत्ता नाही. डब्यातली माणसं म्हणतात, पोरगं बापावर गेलं. मी मान हलवतो. खरं एवढंच आहे की तिथे मला खोटं बोलायचं सुचलं नाही. काकांनी ते पायऱ्यांवर सांगितलं, ते एक दिवस आधी सांगितलं असतं तर मी 'होतो' म्हणालो असतो.

जमा वर्गणी, छत्तीस जणांची, १,८०० रुपये. खर्च: झेरॉक्स ६४८, नोटरी ५००, पाकिटं आणि टपाल ४१२, फाइल ६०, एकूण १,६२०. शिल्लक १८०. भरपाई मिळाली, काही नाही. वर्गणी सगळ्यांना परत करायचं मी ठरवलं आहे. आजपर्यंत नऊ जणांना दिली, ४५० रुपये. देणं राहिलं सत्तावीस जणांचं, १,३५०. काका घेणार नाहीत म्हणतात, तरी त्यांचे पन्नास यात धरले आहेत.