गुरुवारचा रकाना

सोम. २ जुलै १९७९
नंदा आज पहिलीत बसली. सात पूर्ण, आठवं चालू. शाळेच्या मोठ्या बाईंनी एक महिन्याची मुदत दिलीय. वर्गात गोंधळ झाला तर नाव काढणार, असं स्पष्ट सांगितलं. मी हो हो म्हणत राहिले. वर्गाच्या बारहाते बाईंनी तिला खिडकीशी जागा दिली. मी साडेअकरापर्यंत बाहेर कडुनिंबाखाली बसून. आतून आवाज आला की मी उठून उभी. कोणाच्याही लेकराचा आवाज असो, मला नंदाचाच वाटतो.

गुरु. ५ जुलै
मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ती बाकाखाली. कानावर हात, किंचाळणं. झालं, म्हटलं, चार दिवसांत आटोपली शाळा. पण बारहाते बाई भल्या. आता घंटेच्या आधी तिला व्हरांड्यात नेतात. शिपायाचा हात वर जाताना दिसला की ती आपणच कान झाकते. ओरडत नाही. हे कोणाला सुचायला हवं होतं? आईला. नाही सुचलं.

बुध. ११ जुलै
नागपूरला डॉक्टरांकडे. कोराडीहून बसमध्ये नंदाचं सगळा वेळ खिडकीची कडी वरखाली. शेजारची बाई माझ्याकडे बघते, मी बाहेर. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम. वेड नाही, हट्ट नाही, तुमच्या वाढवण्यात चूक नाही. औषध? नाही. पुढे कशी होईल? सांगता येत नाही. घरी येऊन यांनी डिक्शनरी काढली. शब्द नाही त्यात. हे दोनदा पान उलटून बघत होते. मला एकच भीती. आम्ही दोघं गेल्यावर हिचं कोण.

सोम. १६ जुलै
नंदा झोपली. आता लिहिते.
यांची या आठवड्यात वीज प्लांटात सकाळपाळी. दोनचा भोंगा झाला की नंदा फाटकाशी उभी राहते, सव्वादोनला हे सायकलवरून येतात, ती कॅरियरला धरून अंगणात येते. सकाळपाळीत हा नेम कधी चुकला नाही. काल एका सोबत्याने ड्यूटी बदलून मागितली, त्याचा मुलगा तापाने पडलाय. हे आज सकाळी घरी, दुपारी एक वाजता निघाले, रात्री दहाला सुटणार. हजेरीच्या टाइम ऑफिसला सांगितलं, मला सांगितलं. नंदाला सांगू का, असं यांनी विचारलं होतं. मीच म्हणाले, "तिले काय समजते?" मीच.
भोंगा झाला, ती फाटकाशी. मी भाकरी टाकत होते. बाहेर आले तर फाटक उघडं.
ती हाकेला ओ देत नाही. तरी मी ओरडत पळाले. कोळशाच्या ट्रकच्या रस्त्याने, मग राखेच्या तळ्याकडे. राखेवर लहान पावलं दिसतात का बघत होते. शेजारच्या कोहळेबाई बस स्टॉपकडे धावल्या.
सापडली प्लांटच्या सायकल स्टँडवर. शेकडो सायकली, सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. त्यात बापाची नेमकी ओळखून कॅरियर धरून उभी. स्टँडवाला म्हणाला, "बाई, कोणाची आहे म्हणून विचारून राहिलो, तं बोलतच नाही. सायकलही सोडत नाही."
तिला काही समजत नाही म्हणे.

मंगळ. १७ जुलै
बातमी माझ्याआधी शाळेत. मोठ्या बाई म्हणाल्या, पळणारं लेकरू कसं सांभाळायचं, महिना संपला की ठरवू. कॉलनीतही हेच चाललंय. नळावर गेले की बायका गप्प होतात.
बारहाते बाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पळाली नाही वं ती. बापाले पाहाले गेली. तिले सांगत जा. बोलून नाही, दाखवून."

रवि. २२ जुलै
यांनी कपाटाच्या दाराला काळा रंग दिला होता, आज वाळला. प्लांटात ड्यूटीचा तक्ता असतो तसा नंदाचा. सात वारांचे सात रकाने. शाळा असली की खडूने झेंडा. सुट्टी असली की घर. सूर्याजवळ सायकल म्हणजे सकाळपाळी, चंद्राजवळ म्हणजे रातपाळी. मी काढलेली सायकल म्हशीसारखी दिसते असं यांचं मत. किती दिवसांनी हसलो.

मंगळ. २४ जुलै
कालपासून रातपाळी. काल चंद्राजवळच्या सायकलवर बोट ठेवून उभी होती. दोनचा भोंगा झाला, कान झाकले, फाटकाकडे गेली नाही. आजही नाही. स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने म्हणावं तर भीती जात नाही. आता तक्त्यावर एखादी गोष्ट चुकली तर?

बुध. १ ऑगस्ट
महिना झाला. मोठ्या बाईंनी बोलावलं. वाटलं नाव काढलं. तसं नाही. उद्या तपासणीला साहेब येणार आहेत. "उद्याचा दिवस घरी ठेवा, मग पुढचं पाहू." बारहाते बाई मान खाली घालून उभ्या. मी हो म्हणाले. उलट धन्यवाद दिले, लाज नाही मला.
संध्याकाळी गुरुवारचा झेंडा पुसून घर काढलं. नंदा आली. बघितलं. बोट थुंकीने ओलं केलं आणि घर पुसून टाकलं. मग खडू आणून माझ्या हातात दिला, माझं मनगट धरून हात त्या रकान्यावर नेऊन ठेवला. आपणहून तिने माझ्याकडे आजवर पाण्याशिवाय काही मागितलं नव्हतं.
झेंडा काढून पाठवली आणि साहेबांसमोर किंचाळली तर शाळा संपली. शाळा असूनही घर काढलं तर ती या तक्त्यावर पुन्हा विश्वास ठेवेल का, आणि माझ्यावर?
यांना विचारलं. हे ड्यूटीची तयारी करत होते. डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "तू जे काढशील, तेच ती खरं मानते. पाहून काढ."
दप्तर पाठीला लावून ती तक्त्यासमोर बसली आहे. जेवायलाही उठत नाही. रकाना अजून रिकामा. खडू माझ्याकडेच आहे.