माहेरची मांडणी

३ मार्च, सोमवार
ताई आली. माझ्याच गोदामात! मावसबहीण, पण कळायला लागल्यापासून ताईच. डॉक्टरेट करतेय — कारखान्यातून निघालेला माल गिऱ्हाइकाच्या दारी कसा पोचतो, कुठे अडतो, यावर. फी माफ, वर दर महिन्याला विद्यापीठच तिला पैसे देतं. म्हणजे खोकी उचलायची मी आणि मी उचलताना बघायचे पैसे हिला! पंधरा दिवस इथे बसून मोजणार आहे.

४ मार्च
मुकादमाने तिला खुर्ची दिली. मला इथे सात महिने झाले (माझ्या मानाने विक्रमच), मी अजून पालथ्या क्रेटवर. याआधी बोटीवर होतो, त्याआधी छापखान्यात, त्याआधी एका सर्कसवाल्याबरोबर. मालाची वाट मी पायांनी तुडवलीय, हिने नकाशात पाहिलीय. मुकादम म्हणाला, "बहीण ना तुझी? मग तू असा कसा निपजलास?" सगळे हसले. सगळ्यात जास्त मी.
पोटात दुखतंय. खाण्यामुळे नव्हे.

५ मार्च
आज एक उद्योग केला. लिहू का नको — लिहितोच, वाचतंय कोण!
ताईला मोजायचाय परत आलेला माल. गिऱ्हाइकाने नाकारलेली खोकी किती दिवस पडून राहतात ते. आमच्याकडे दोन मांडण्या आहेत. बाहेर जाणाऱ्या मालाची ती 'सासर', परत आलेल्याची ती 'माहेर'. हमालांनीच पाडलेली नावं, सगळ्या गोदामांत हीच. खोकं परत आलं की मागच्या दाराशी ओरडतात, पोरगी माहेरी आली; ताईच्या खुर्चीपर्यंत ते पोचत नाही. कॉम्प्युटरात नुसते नंबर, आणि खोकी दोन्हीकडे सारखीच.
तिने विचारलं, माहेर म्हणजे कुठली रे?
"जिथून मुलगी निघते ती. जायच्या तयारीतला माल."
आणि सासर?
"तिकडून परत पाठवलेला."
काय चपखल बसलं! तिने लगेच लिहून घेतलं. दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही.

११ मार्च
ताई खूश. सासरची मांडणी रोज रिकामी होते, म्हणजे तिच्या हिशेबी परत आलेला माल एका दिवसात मार्गी लागतो. तिच्या सरांनी असं कुठेच पाहिलं नव्हतं म्हणे. माहेरची खोकी तिथेच, धूळ खात. ती म्हणते, ही एवढी पाठवायला उशीर का? मी म्हटलं, गाड्या मिळत नाहीत.
मला चहा पाजला तिने. "तुझ्यामुळे रे," म्हणाली. जीभ भाजली.

१९ मार्च
मावशीचा फोन. शुक्रवारी दहाला ताईची समितीपुढे परीक्षा. पास झाली तर पुढली तीन वर्षं पैसे चालू, नाही तर शिक्षण बंद.
सांगून टाकतो. फोनवर नको, समोर जाऊन.

२० मार्च
गेलो नाही. काम होतं. (नव्हतं.)

२१ मार्च, शुक्रवार
रजा टाकून सकाळीच निघालो. खरंच निघालो होतो! वाटेत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पियानो दोरखंडाने खाली उतरवत होते. थांबलो — कुणीही थांबलं असतं. गाठ चुकीची मारली होती त्यांनी. बोटीवरची गाठ मारून दिली. पियानो फुलासारखा खाली आला. लोक म्हणाले, वा, उस्ताद! किती दिवसांनी कुणी मला काही म्हणालं.
विद्यापीठात पोचलो तेव्हा सव्वादहा. दार बंद. दाराच्या काचेतून ताई दिसत होती, तक्त्यापुढे. समितीत एक टकले गृहस्थ. शिपाई म्हणाला, त्यांनी तीस वर्षं गोदामं चालवलीत. त्यांनी काहीतरी विचारलं. ताईने उत्तर दिलं. ते हसले, वाईट नव्हे, आपल्या माणसाला हसतात तसे. मग बोलत राहिले. ताईचा हात तक्त्यावर होता, तो तिथेच राहिला.
बाहेर आली. मला पाहून थांबली.
"माहेर म्हणजे काय सांगितलं होतंस मला?"
मी फरशी बघत राहिलो. ती निघून गेली.

२५ मार्च
पैसे बंद झाले. ताई घरी परतली. तिने सगळ्यांना सांगितलं, "शब्द मीच चुकीचा ऐकला." माझं नावही घेतलं नाही.
हेही तिलाच जमतं.

२६ मार्च
आईचा फोन. म्हणाली, "तूच शहाणा निघालास बाबा. मावशीला म्हटलं मी, माझ्या पोराकडे बघा म्हणून."
मी हं म्हणालो.