गाळलेले झेल

मंगळवार, ११ ऑगस्ट २००९

प्रिय हिरा,

हे पत्र यादवच्या हाती पाठवतेय. तो रोज सातपूरला कंपनीत येतोच, जाताना तुझ्या खोलीवर टाकेल. पाकीट डिंकानं चिकटवून वर सहीसुद्धा करणार आहे, कारण यादवचं तोंड तुला माहीत आहे. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नेहमीसारखं 'जाऊ दे ना ताई' म्हणून विषय तोडला असतास आणि मीही आनंदानं तोडू दिला असता. सकाळपासून तीनदा सुरुवात करून फाडलंय. एकदा गॅस बंद आहे का बघायला उठले, एकदा उगाचच फाटकाची कडी लावून आले. आता ही चौथी खेप आहे. शाळेचे पाठकोरे संपत आलेत, तेव्हा हीच शेवटची.

आई बरी आहे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणालेत. शेजारची रंगूबाई रोज दुपारी येऊन बसते आणि दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. पावसानं ओढ दिलीय, त्यामुळे सगळे आभाळाकडे बघून बोलतात. बाकी गाव आहे तसंच आहे.

रविवारी पेपरात एका वकिलाचा लेख आला होता. परदेशात म्हणे कॉम्प्युटरवर आपला आपण संघ निवडायचा, पैसे लावायचे आणि खऱ्या सामन्यात तुमच्या गड्यांनी जे केलं त्याचे गुण मोजायचे, असा खेळ जोरात चाललाय. उद्या तो आपल्याकडेही पसरला तर त्याला कौशल्य म्हणायचं की जुगाराच्या कायद्यात बसवायचं, असा त्या बिचाऱ्याला प्रश्न पडलाय. मी तो लेख चार वेळा वाचला. म्हटलं, साहेब, तुम्ही आत्ता जागे झालात. आमच्या गावानं हा खटला गेल्या वर्षीच सोसायटीच्या ओट्यावर चालवला, निकालही दिला आणि त्या निकालानं माझ्या भावाच्या नावापुढं 'जुगारी' लागलं ते आजतागायत निघालेलं नाही.

तुला आठवतं ना, सुरुवात किती साधी होती? द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी उरकत आलेली, तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या फवारणी पंपांची रांग, आणि पंप होईपर्यंत बसलेल्या माणसांच्या आयपीएलवरून चालणाऱ्या पैजा. आधी हरणाऱ्यानं मिसळ द्यायची एवढंच. मग तू म्हणालास, कोण जिंकणार यावर काय पैज लावायची, ते कुणीही सांगेल. दोन्ही संघांतून आपले अकरा निवडा, बघू कुणाला किती कळतं. गुणांचा तक्ता करून द्यायला तू माझ्याकडेच आलास. धावेला एक, बळीला वीस, झेलाला दहा, शून्यावर बाद झाला तर पाच वजा. बारा वर्षं आठवीच्या पोरांना नफा-तोटा शिकवणाऱ्या बाईला कुणी पहिल्यांदाच काहीतरी नवं करायला सांगितलं होतं. दोन दिवस मी त्या तक्त्यात बुडून गेले होते. मिसळीच्या जागी वीस-वीसच्या नोटा, संघांच्या चिठ्ठ्या टाकायची लाकडी पेटी आणि गुणांचा फळा कधी आले ते मात्र दोघांनाही नीट सांगता येणार नाही. तू त्यातला एक रुपयासुद्धा दुकानाचा म्हणून कधी ठेवून घेतला नाहीस, हे मला माहीत आहे, कारण हिशेब माझ्याकडे होता.

आणि तू जिंकायचास. सारखा. लोक म्हणायचे, हिऱ्याचं नशीब जोरावर आहे. तू हसून एकदा मला खरं कारण सांगितलंस. बाकीचे षटकार मारणारे आणि नावाजलेले गडी घेतात, तू सीमेवर आणि स्लिपमध्ये कोण उभा राहतो ते बघून ठेवतोस. झेल कुणी मोजत नाही, मी मोजतो, म्हणालास. खिशातल्या त्या निळ्या छोट्या वहीत प्रत्येक गड्याचे झेल लिहिलेले होते. मला इतका अभिमान वाटला होता तुझा! पोरगा दहावीला गणितात पस्तीसवर अडकला होता आणि इथं सगळ्या गावाच्या डोक्यावरून चालला होता.

मग लताबाईनं तंटामुक्ती समितीकडे तक्रार केली. तिचं काही चुकलं नाही. नवऱ्याची मजुरी तुझ्या पेटीत पडत होती, ती बाई काय करणार? समितीत दोन तट पडले. एक म्हणाला, पैसे लावले म्हणजे जुगार, बंद करा. दुसरा म्हणाला, मग सप्टेंबरात आगाप, सगळ्यांच्या आधी, छाटणी धरणाराही जुगारीच, पाऊस आला की डाऊनी रोगानं बाग गेली, नाही आला की भाव सापडला, त्याला कुणी समितीपुढं का उभं करत नाही? त्यावर सगळे हसले. शेवटी समितीचे अध्यक्ष म्हणून सहादूनानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "मास्तरीणबाई, डोकं असंल तर चालू द्या, नशीब असंल तर बंद करा. तुमच्या वहीत जे निघंल ते गावाला मान्य."

कसोटीही मीच सुचवली. उरलेल्या पंधरा सामन्यांत रोज दोन्ही संघांच्या बावीस जणांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि रंगूबाईनं डोळे मिटून अकरा काढायच्या. तिला बॅट कुठली आणि स्टंप कुठला हेही ठाऊक नाही. एका बाजूला तिच्या चिठ्ठ्यांचा संघ, दुसऱ्या बाजूला तुझा. तू स्पष्ट पुढं राहिलास तर ते डोकं. नाहीतर नशीब. रंगूबाई काय खूश होती! माझ्या हाताला यश लय हाय, म्हणून सगळ्या गल्लीत सांगत फिरत होती.

जूनमध्ये ओट्यावर सगळे जमले तेव्हा मी वही उघडून वाचून दाखवलं. हिरामण सात सामन्यांत पुढे, चिठ्ठ्या आठ सामन्यांत पुढे. कुणीही वही हातात मागितली नाही. बाईंचा हिशेब चुकत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत. नानांनी निकाल दिला, तू त्याच संध्याकाळी दुकानातला फळा पुसलास, पेटी फोडून चुलीत घातलीस. तिथंच संपलं असतं तर बरं होतं. पण नशिबावर पैसे लावून घेणाऱ्याला लोक काय म्हणणार? पंधरा दिवसांत विंचूरहून निरोप आला, मुलगा जुगार चालवत होता असं कानावर आलंय, तेव्हा तेजस्विनीसाठी आम्ही दुसरीकडे बघतो. साखरपुड्याची तारीख ठरलेली होती. आईनं आणलेली साडी अजून कपाटात घडीवर आहे. तू महिनाभर दुकान उघडलंस, मग कुलूप लावून सातपूरला गेलास. मी एसटीपर्यंत आले होते, तुला सोडायला. तिथंही बोलले नाही.

आत्ता पुन्हा उठून आले. आई विचारत होती, कुणाला एवढं लांबलचक लिहितेस. म्हटलं, शाळेचं काम आहे. बघ, खोटं बोलायला मला क्षणभरसुद्धा लागत नाही.

हिरा, कसोटी सुरू व्हायच्या आधीपासून, अगदी पहिल्या आठवड्यापासून पेटीत रंगूबाईच्या नावानं जे संघ पडत होते, ते माझे होते. पहिल्यांदा गंमत म्हणून एक. मग तक्ता नीट चालतो का बघायला म्हणून दोन. मग एकेका सामन्याला चार-चार. मास्तरीण पैसे लावते असं झालं असतं तर शाळेनं काय केलं असतं, म्हणून तिचं नाव. मी जिंकत नव्हते, क्वचित कधीतरी. तुझ्यासारखं बघून निवडायचा धीर मला नव्हता. मला ते अकरा जण भरायचे असायचे, एवढंच. वर्गात पोरं गणितं सोडवत असताना हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी नावं मांडत बसायचे. सासर सोडून आल्यापासून सगळे मला सांगतात काय करायचं, कसं राहायचं. त्या अकरा जणांना मात्र मी निवडत होते, मी काढत होते. सामना सुरू झाला की छातीत धडधडायचं. ते धडधडणं मला हवं होतं, खोटं कशाला बोलू.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा शनिवार आठव. नर्स सहीसाठी मला शोधत होती आणि मी सापडत नव्हते. तू सही केलीस. आई आत जाताना माझं नाव घेत होती, असं तूच नंतर सांगितलंस. मी येऊन म्हणाले, मेडिकलमध्ये गर्दी होती. मेडिकलमध्ये गेलेच नव्हते. समोरच्या टीव्हीच्या दुकानापुढं काचेला नाक लावून उभी होते, माझा एक गडी अजून खेळत होता म्हणून. आणि तू, ज्याला गाव जुगारी म्हणतं, त्यानं त्या दिवशी एकदासुद्धा कुणाला धावसंख्या विचारली नाही. आईचा चष्मा हातात धरून बाकावर बसून होतास. त्या रात्री मला स्वतःची भीती वाटली. थांबायचं ठरवलं. सोमवारी पुन्हा तीन संघ टाकले.

तेव्हा मला एकच उपाय सुचला. खेळच बंद पडला पाहिजे. आणि बंद पाडायची किल्ली गावानं माझ्याच हातात दिलेली होती.

खरा निकाल असा होता: हिरामण बारा, चिठ्ठ्या तीन. पाच सामन्यांत तुझ्या गड्यांचे झेल मी गाळले. बाकी काही केलं नाही, धावा आणि बळी जसेच्या तसे ठेवले. झेल कुणी मोजत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. त्या वकिलाला पत्र लिहावंसं वाटलं. साहेब, एकाच खेळात माझा भाऊ डोक्यानं खेळत होता आणि मी जुगार खेळत होते, आता कुठलं कलम लावता? पण मग त्यांनी विचारलं असतं, गुन्हेगार कोण ठरलं, आणि ते मला लिहिता आलं नसतं.

तुला तेव्हाच कळलं होतं ना? मी आकडे वाचत असताना तुझा हात खिशातल्या वहीकडे गेला होता. मी बघितलं. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि हात काढून घेतलास. फळा पुसताना तू एकच वाक्य बोललास, "ताई, आता तरी नीट झोपशील ना?" मी न समजल्यासारखं केलं. पण समजलं होतं. पेटीतल्या, रंगूबाईच्या नावाच्या चिठ्ठ्यांवरचं माझं अक्षर तू ओळखलं होतंस, कदाचित पहिल्याच दिवशी. स्वतःला जुगारी म्हणवून घेतलंस, ठरलेलं लग्न मोडू दिलंस, आणि एका शब्दानं मला विचारलं नाहीस. तुझा मला राग येतो हिरा. तू ओरडला असतास तर मी सुटले असते. आणि झोपेचं म्हणशील तर नाही लागत. खेळ बंद झाला, माझा नाही झाला. पैसे लावत नाही, पण कुठलाही सामना असला की तो चिठ्ठ्यांचा डबा काढून बसते. परवा रविवारी चार संघ केले, तो लेख शेजारी ठेवून.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. मागच्या बुधवारी तेजस्विनीचे वडील शाळेत आले होते. वर्षभरात पोरीनं तीन स्थळं नाकारली म्हणाले, तिचं म्हणणं एकच, त्या मुलाबद्दल ऐकीव सांगू नका, नीट चौकशी करून या. येत्या रविवारी ते घरी येणार आहेत. मला म्हणाले, बाई, तुम्ही सांगाल ते आम्ही खरं धरू. घरात बसून मी त्यांना खरं सांगितलं तर बहीण भावाची बाजू घेते असंच वाटेल, आणि गावात तुझं नाव आहे तसंच राहील. म्हणून शनिवारी, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, मी उभी राहणार आहे. नानांना फक्त एवढंच सांगितलंय की मला पाच मिनिटं हवीत. तीच वही आणीन, पंधराही सामने पुन्हा वाचीन, झेलांसकट, आणि रंगूबाई कोण होती तेही सांगेन. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण माझा मला भरवसा नाही. सगळं गाव समोर बसलेलं असेल, आई असेल, माझ्या वर्गातली पोरं झेंडे घेऊन उभी असतील, आणि माझी जीभ पुन्हा खोट्याकडे वळेल अशी मला धास्ती वाटते. म्हणून तू ये. यादवबरोबर शुक्रवारी संध्याकाळीच ये, आणि ती निळी वही घेऊन ये. पहिल्या रांगेत बस, वही उघडून मांडीवर ठेव. मी वाचेन तसं ताडून बघ. आणि एक जरी झेल मी गाळला, तर या वेळी माझ्याकडे बघून गप्प बसू नकोस. तिथंच, सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हण: ताई, हा राहिला.

वाट बघणारी,
तुझीच ताई,
मीना