कोलेस्टेरॉल उतरलं तेव्हा

११ मार्च
आज पुन्हा दुधाळ नमुना! रक्त यंत्रात फिरवून काढलं की वर स्वच्छ पिवळसर पाणी यायला हवं. याचं चरबीने सायीसारखं पांढरं, घट्ट. लॅबमधली शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "चहाला पुरेल की हो हे!" सगळे हसले. मला नळी हातात धरवेना. शी! चौदा वर्षं रक्त तपासतोय, कधी किळस आली नव्हती. बायको गेल्यापासून येते.

१२ मार्च
डबा उघडला. भाजीवरचा तेलाचा तवंग बघून पुन्हा लावून टाकला.

१४ मार्च
लिहूनच टाकतो. तिला कॅन्सर निघाला तेव्हा कुठल्याशा मासिकात वाचलं होतं — कॅन्सरच्या पेशींना कोलेस्टेरॉल लागतं, त्याच्या जोरावर त्या तगून राहतात. म्हटलं, रसदच तोडू! लोणी, अंडी, साय, सगळं घरातून बंद. ती म्हणायची, "एकच दे रे, उकडलेलं. कुणाला सांगणार नाही." मी पाणचट सूप पुढे करायचो.
तिचं रक्त मीच काढायचो, मीच तपासायचो. कोलेस्टेरॉल दोनशे दहा. एकशे साठ. मग एकशे अठरा! त्या दिवशी अख्ख्या लॅबला चहा पाजला मी.

१७ मार्च
तिचे डॉक्टर लॅबमध्ये आले होते. धीर करून तिच्या उतरलेल्या आकड्याबद्दल विचारलं. म्हणाले, "अहो, नुसत्या पथ्याने इतकं उतरत नाही. कॅन्सरच्या पेशी कोलेस्टेरॉल स्वतःही बनवतात, रक्तातलंही ओढून घेतात. त्यात तुमच्या मिसेस वाळत चालल्या होत्या. तो आकडा चांगला नव्हता."
म्हणजे गाठ तिला खात होती, आणि मी चहा वाटत होतो!
"आणि मी खाणं तोडलं म्हणून लवकर—?"
"ते नाही सांगता येणार," म्हणाले, आणि घड्याळ बघितलं.
बेसिनवर हात धुतले. तीनदा.

१८ मार्च
तिला भुकेली ठेवून पाठवलं मी. स्वतःच्या तोंडाची शिसारी येते. आरशात न बघता दाढी केली, हनुवटी कापली.

२० मार्च
सासूबाई आल्या होत्या. त्यांना सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या,
"जावईबापू, तुम्ही कामावर गेलात की रोज माझ्याकडे यायची ना ती? दोन अंडी, लोण्यात परतलेली. बोटं चाटून खायची! म्हणायची, आई, त्याला बोलू नकोस हं. आकडा घेऊन घरी येतो ना, तेव्हाच काय तो हसतो."