एका ओळीत मावेल तेवढंच

प्रिय खटपट्या,

तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र लिहितेय, हसू नकोस. एरवी तुला चार ओळी पाठवायच्या म्हटलं तरी माझ्या जिवावर येतं, आणि आज बघ, भर दुपारी ऑफिसात बसून लिहितेय. बसून कसली, बूड टिकत नाहीये खुर्चीत. पाणी प्यायला उठते आणि न पिताच परत येते. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, ताई, खुर्चीला खिळा वर आलाय का?

तू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला गेलास तेव्हा माझं हे काम नुकतंच सुरू झालं होतं. आई सगळ्यांना सांगते, लेक बातम्या छापते. छापते कसली! बातम्या दुसऱ्यांच्या. कुठकुठल्या वर्तमानपत्रांतून त्या आपोआप आमच्याकडे येऊन पडतात, मी फक्त फोनवर दिसणाऱ्या पानांचे साचे बांधते. फोटो कुठे, मथळा कुठे, फोटोच नसला तर त्या जागी काय. कुणाचा मथळा चार शब्दांचा, कुणाचा मारुतीच्या शेपटासारखा, आणि चौकटी मात्र सगळ्या सारख्या दिसायला हव्यात. म्हणून मीच नियम घातला: एका ओळीत मावेल तेवढंच दाखवायचं, पुढचं कापून तीन टिंबं द्यायची. ज्याला पुरतं वाचायचंय त्याने बोट लावावं. तू म्हणाला होतास, न्हाव्याचं दुकान टाकलंयस तू. काय राग आला होता मला!

आई रोज तेच पान वाचते. मथळ्यांवरून नजर फिरवते, बोट मात्र लावत नाही. लेकीचं काम आपल्या हातून बिघडेल अशी तिला धास्ती. तुझं जहाज वादळात सापडल्याचं कळलं तेव्हापासून तिने फोन खाली ठेवला नाही. जेवताना ताटाशेजारी, आंघोळीला गेली तर दाराबाहेर. सारखी मला विचारायची, अगं, तुमच्याकडे काही आलं का नवीन? मी काय सांगणार? माझे हात कामावर आणि डोळे येणाऱ्या बातम्यांवर.

काल सकाळी तिचाच फोन आला. हसत होती, रडत होती, काही धड बोलता येईना. ‘वादळात सापडलेल्या जहाजावरचे खलाशी सुखरूप’ असं तिने माझ्याच पानावर वाचलं होतं. शेजारीपाजारी सांगून झालं, तुझी खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आज तुझा जुना स्वेटर उसवून नवा विणायला घेतलाय. तू तिकडे रोडावला असशील म्हणून माप कमी धरलंय म्हणे.

तिने बोट लावलं नाही रे. मी लावलं. ‘सुखरूप’च्या पुढे ‘इंजिनरूममधला एक जण अद्याप बेपत्ता’ असं होतं. आई घाबरते म्हणून जहाजाच्या कंपनीत तू माझा नंबर देऊन ठेवला होतास, तर मागोमाग त्यांचा फोन मलाच आला. शोध चालू आहे, एवढंच सांगतात. आता आमच्या साहेबांना मथळे पुरते दिसायला हवेत, वाचक तक्रार करतात. नवा साचा तयार आहे, चढवायचा बाकी आहे, साहेब दोनदा डोकावून गेले. तो चढला की कालचा मथळाही पुरता दिसेल, आणि विणता विणता आईची नजर फोनकडे जाईलच. तिला हे पानावरून कळू नये, माझ्या तोंडून कळावं, एवढी अक्कल मला आहे. पण घराकडे पाय उचलत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं तेही मला ठाऊक नाही. तरी लिहितेय, कारण लिहायची थांबले की मला उठावं लागेल, घरी जावं लागेल आणि तिच्या हातातलं विणकाम थांबवावं लागेल. मी अजून थोडं लिहिते. तेवढ्यात कुठूनतरी फोन कर ना रे.

तुझीच, अजून घरी न निघालेली,
ताई