अंदाजाचं माप

४ फेब्रुवारी

चि. बटणास,
दादाचे उदंड आशीर्वाद.

तुझ्या कार्टून मालिकेचा सातवा भाग मिळाला. दुपारी दुकान बंद ठेवून सगळ्या कारागिरांसोबत पाहिला. मालिका आग ओकणाऱ्या पक्ष्यांची, आणि या भागात पक्षी दिसतो एकदाच, तोही खिडकीतून. बाकी सगळा वेळ वेढ्यात अडकलेल्या शहरातलं एका शिंप्याचं दुकान. तीच गिऱ्हाइकं, तेच कपडे, दर महिन्याला कंबर आणखी आत. लढाई न दाखवता लढाई कळते. आमचे कटरमास्तर डोळे पुसत म्हणाले, मालकांच्या बहिणीनं काय काय सोसलं असेल.

इथं माझ्या पोटात दुखायला लागलं. सोसलं म्हणे! आपल्या गावाला वेढा पडायच्या आधीच तू नदीपलीकडे मावशीकडे पोचली होतीस, चार वर्षांची, दोन्ही वेळा दूध पिणारी. ते दोन हिवाळे आपल्या बापाजवळ, अण्णांच्या शिलाई मशीनशेजारी, मी होतो.

आता चुका ऐक. तुझा शिंपी मशीन फार जोरात मारतो. उपाशी माणसाचा पाय असा चालत नाही, मध्ये मध्ये थांबतो. आज माझ्याकडे चाळीस मशीनं आहेत, कुठलं कुरकुरतंय ते मी केबिनमधून सांगतो, तेव्हा हे माझ्याकडून घे. दुसरं, तो जादा कापड कात्रीनं उडवतो. अण्णांनी एकदाही कापलं नाही. आत दुमडून टीप मारायचे, म्हणायचे, पोटं परत येतील.

तिसरी चूक मोठी. शिंप्याशेजारी टाचण्या देत एक मुलगी बसलीय, तुझ्यासारख्या खळीची. तिथं मी बसायचो. महिनाअखेरपर्यंत बदल करता येतात असं तूच लिहिलंस. मुलगी उठव. नाहीतर पहिल्या खेळाला माझी खुर्ची रिकामी ठेव.

माया आहेच, रागाच्या आतून.
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मशीनचा आवाज बदलला. कात्री काढली. मुलगी उठणार नाही.

तुला वाटतं, मी तुझी जागा घेतली. दादा, मला जागाच नव्हती. वेढा उठल्यावर मी परत आले, सहा वर्षांची, गुबगुबीत. गल्लीतली मुलं मला पाव म्हणायची. घरात तुम्हा दोघांचं न बोलता चालायचं. अण्णा नुसता हात पुढे करायचे आणि तू नेमकी हवी ती सुई ठेवायचास. मी एकदा ठेवली, तर त्यांनी ती बाजूला ठेवून तुला हाक मारली. पुढे वीस वर्षं मी दारातूनच बघत होते. दूध प्यायले म्हणून टोमणा मारतोस. ते दूध मी तुला देऊन टाकलं असतं आणि ते दोन हिवाळे घेतले असते.

तू खरोखर बसलास. मला चित्रात तरी बसू दे.

रागावलास तरी पत्र लिहीत जा.
बटण

१९ फेब्रुवारी

चि. बटणास,
आशीर्वाद.

एक पत्र लिहून फाडलं. त्यात मी तुला बरंच काही बोललो होतो. हे दुसरं.

दुसऱ्या हिवाळ्यात अण्णांच्या वहीत गावातलं प्रत्येक माप खाली जात होतं. माझंसुद्धा. वर जाणारं एकच होतं, तुझं. ते मशीनजवळ हवेत हात धरायचे आणि म्हणायचे, एवढी झाली असेल. पुढच्या महिन्यात हात दोन बोटं वर. कधी कधी माझ्याकडे बघायचं सोडून त्या हाताकडेच बघत बसायचे.

मग, आई गेल्यापासून जपून ठेवलेला तिचा निळा कोट त्यांनी उसवला आणि त्याचा तुझ्यासाठी फ्रॉक शिवला, अंदाजानं. माझे कोपर शर्टाबाहेर आलेले. मी जळलो, बटण. दुसरा शब्द नाही. एके दिवशी ते पाण्याच्या रांगेत गेले असताना मी तो फ्रॉक कापला आणि तुकडे बुटांत कोंबले. अण्णांनी माझ्या घोट्याशी निळा कपटा पाहिला. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, पाय गरम झाले का?

तू परत आलीस तेव्हा तुला द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. ते माझ्यामुळे. तुला त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही नाही. आता मुलगी बसू दे. तिला हलव म्हणायचा हक्क मला नाही.

जमलं तर माया ठेव.
दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. फ्रॉकसाठी नाही. पाय गरम झाले का, असं अण्णांनी मला आयुष्यात एकदाही विचारलं नाही. चोरीसुद्धा तुझीच लाडाची निघाली.

काल भाग पुन्हा जुळवला. स्टुलावर आता मुलगा आहे, कोपर बाहेर आलेला. मुलगी कुठेच नाही. शिंपी मशीन थांबवतो, हवेत हात धरतो, थोडा वर नेतो, आणि मुलगा त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे खाऊ की गिळू असा बघत राहतो. आमच्या चित्रकारांनी विचारलं, तो एवढा कुणावर चिडलाय? मी म्हटलं, माझ्यावर.

तुझी खुर्ची माझ्या शेजारी आहे. ये.

तुझी,
बटण