सतत गैरहजर

३ जानेवारी १९६९
कर्जतच्या शिक्षण कचेरीतून पत्र आलं. प्रत्येक शाळेने ‘आपल्या गावाचा इतिहास’ अशी वही मुलांकडून करून घ्यायची, शिवाय भिंतीवर एक तक्ता. २६ ला झेंडावंदनाला विस्तार अधिकारी (यापुढे वि.अ., हात दुखतो) आमच्याच गावी येणार आणि दोन्ही बघणार. आता आमच्या गावात ना किल्ला, ना लढाई, ना साधा कोरलेला दगड. काय लिहायचं, कपाळ.
तात्यांना सांगितलं. शाळा समितीचे प्रमुख, त्यांना सांगायला हवंच. नेहमीसारखे बाहेरूनच खिडकीत उभे राहून बोलले. सहा वर्षं म्हणतेय आत या, खुर्ची आहे. येत नाहीत.

४ जाने.
चौथीच्या एकोणीस मुलांना घरी विचारून यायला सांगितलं होतं. सतरा जणांचं उत्तर एकच, “आमच्या गावात काय झालंच नाय.” उरलेले दोघे विचारायला विसरले.
हे साजगावहून पाळी संपवून आले. सांगितलं तर म्हणाले, कारखान्यात इतकं होतं रोज, त्यातलं थोडं घेऊन जा. हसू आलं नाही.

७ जाने.
खडूचा खोका शोधताना कपाटाच्या तळाशी पहिलं जनरल रजिस्टर सापडलं. शाळा निघाली तेव्हाचं. वाळवीने कडा खाल्ल्यात, सालाचे आकडे गेले, नावं मात्र शाबूत. नाव, बापाचं नाव, वय, इयत्ता, आणि शेवटी शाळा का सोडली ते. मुलांसमोर उघडलं नि पाच मिनिटांत प्रत्येकाला आपापला आजा सापडला. इतिहास मिळाला. इतके दिवस त्यावर खडूचे खोके ठेवत होते मी.

९ जाने.
तक्ता जोरात. मुलांना शेवटचा रकाना फार आवडलाय. ‘भाताच्या आवणीस गेला, परत आला नाही.’ ‘देवी आल्या.’ ‘मुंबईस मामाकडे.’ एकीपुढे ‘पुरे झाले असे बाप म्हणतो.’ त्यावर मुलींनी तासभर चर्चा केली, मी मध्ये पडले नाही. प्रत्येकाने आपल्या घरातली ओळ आपल्या हाताने लिहायची असं ठरवलं. स्वतःवर खूष होते आज.

१३ जाने.
खूष होते ना, भोगा आता.
मधल्या सुट्टीत पोरं कुसुमला चिडवत होती. कुसुम तात्यांची नात, चौथीत. तक्त्याशी गेले. तिच्या सुबक अक्षरात: ‘धोंडू रामा. इयत्ता दुसरी. नाव कमी केले. कारण: सतत गैरहजर.’
धोंडू रामा म्हणजे आमचे तात्या. गावात तात्या सातवी पास. गावाची पत्रं तेच वाचतात, अर्ज तेच लिहितात, १५ ऑगस्टला बोलतात तेच. सातवी पास असं स्वतः कधी म्हणाले का? आठवत नाही. नाही असंही म्हणाले नाहीत.
हा तक्ता मी दोनदा तपासला. ऱ्हस्वदीर्घ पाहिलं. ओळ वाचलीच नाही. वीस वर्षं मास्तरकी करून ही चूक फक्त मास्तरच करू शकतो.

१५ जाने.
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तात्या तिळगूळ घेऊन खिडकीशी येतात, दर वर्षी. आले नाहीत. कुसुमनेही वर पाहिलं नाही. ज्या माणसाने शाळेच्या कौलांसाठी दारोदार फिरून बांबू गोळा केले, त्याची अब्रू मी खिळ्याला टांगून ठेवली.

१६ जाने.
तक्ता काढायला स्टुलावर चढले. कुसुम मागे उभी. म्हणाली, “बाई, खरं हाय ना ते? मंग काढताय कशाला?”
उतरले. तक्ता तिथेच. काढला तर खोटं होतं आणि ठेवला तर

१८ जाने.
गेले एकदाची. शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर. तात्या वालाच्या शेताला कुंपण घालत होते. बांधावर बसले आणि सरळ माफी मागितली. दुसरीचं पोरांना कळायला नको होतं म्हटलं.
ते ओरडलेच माझ्यावर. म्हणजे तसं हळूच, पण ओरडलेच.
“दुसरीचं काय घेऊन बसलाव बाई. दुसरी ती दुसरी. पन गैरहजर कुठं हुतो मी?”
मग सांगितलं. सावकाराची गुरं राखायला ठेवलं होतं, म्हणून वर्गात बसणं बंद. पण गुरं शाळेमागच्या माळावर आणायची आणि आपण खिडकीला उभं राहायचं. चार वर्षं. मास्तरांनी एकदा पाहिलं, दुसऱ्या दिवसापासून फळा खिडकीच्या बाजूला सरकवला. धुळाक्षरं मातीत, गणितं मातीत. परीक्षेला बसता आलं नाही, कारण रजिस्टरात नाव नाही.
“नाव काढलं हुतं, मी नव्हतो गेलो.”
मी विचारलं, इतकी वर्षं समितीवर आहात, रजिस्टर कपाटात, कधी म्हणाला नाहीत? म्हणाले, “मागायचं कुनाकडं? लिवलं ते लिवलं.”
निघताना ओंजळभर वालाच्या शेंगा दिल्या आणि कालचा तिळगूळ. कालचा नव्हे, चार दिवसांचा. दाताने फुटेना. रस्ताभर चघळत आले. आठवड्याभरात पहिल्यांदा भूक लागली.

२० जाने.
पण इतिहासाची बाई ना मी. एकाच्या तोंडचं लिहायचं कसं? मुलांनाच विचारलं. कुसुम म्हणाली, भागीआजीला विचारू, ती सगळ्यांत म्हातारी. वर्ग घेऊन गेले. तात्या शाळेत कधी होते का, एवढंच विचारलं, खिडकीचं नाव काढलं नाही. आजी भडकली.
“शाळेत कसला रं. त्या खिडकीला चिकटून ऱ्हायचा नि गुरं आमच्या वालात. दोन साल वाल खाल्ला आमचा. माजा बाप मास्तरशी भांडाय गेल्ता.”
साठेक वर्षं झाली, राग तसाच ताजा. मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली. याहून चांगला पुरावा कुठल्या कचेरीत मिळाला असता? मुलांनी सगळं वहीत उतरवलं, वालासकट. जिवात जीव आला.

२२ जाने.
तक्त्यावर रजिस्टरची ओळ तशीच. तिच्याखाली कुसुमने नवी ओळ लिहिली: ‘खिडकीत हजर. सांगणार: स्वतः आजोबा, भागीआजी.’ चिडवणारी पोरं आता त्या खिडकीशी आळीपाळीने उभी राहून फळा दिसतो का ते बघतात. दिसतो.
वि.अ. ना द्यायला अर्ज लिहिला. जुन्या रजिस्टरात वरच्या हुकमाशिवाय पेन लावता येत नाही, म्हणून धोंडू रामा याच्या शेऱ्यात दुरुस्ती करण्यास परवानगी मिळावी. कारणाच्या जागी बराच वेळ अडले. शेवटी ‘विद्यार्थी हजर होता’ एवढंच.

२६ जाने.
झेंडा तात्यांनीच चढवला. गावात कुजबुज नाही, उलट भागीआजी वालाची गोष्ट ज्याला त्याला सांगत होती. वि.अ. तक्त्यापुढे बराच वेळ. वही सोबत नेतो म्हणाले, केंद्राच्या सभेत बाकीच्या शिक्षकांना दाखवीन, जुनी रजिस्टरं सगळ्यांच्याच कपाटात असतील. मला कसंतरीच छान वाटलं. अर्ज दोनदा वाचला, घडी करून खिशात. नियमात बसत नाही म्हणाले. मग म्हणाले, पण नियम कोणता ते बघावं लागेल. कळवतो.
नाही म्हणाले नाहीत.

२७ जाने.
हजेरी घेत होते. तात्या आले, नेहमीसारखे खिडकीशी. एकोणीस नावं झाली. काय वाटलं कोण जाणे, हजेरीपटात नव्हतं तरी विसावं नाव घेतलं, धोंडू रामा. कुसुम म्हणाली, “मोठ्यांदी बाई, त्यांना जरा कमी ऐकू येतं.” मग घेतलं मोठ्याने, रस्त्यापर्यंत गेलं असेल.
“हजर.”
डोळे पुसायला फळ्याकडे वळले. पोरांना कळलं असणार, कळू दे.
आता तरी आत या म्हटलं. खुर्ची पुढे केली. तात्यांनी टोपी सारखी केली, दाराकडे पाहिलं.
“सायबांचा कागद येऊ दे बाई. मंग येतो.”
कर्जतचं टपाल मंगळवारी आणि शुक्रवारी येतं.